महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर अडलेला विद्यार्थी

(ग्रामीण भागातील कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांच्यासाठी आयोजित केलेल्या उद्बोधन वर्गात एका निवृत्त भौतिकशास्त्र-प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



आजच्या व्याख्यानासाठी मला जो विषय सुचविण्यात आला, त्यात 'कच्चे विद्यार्थी' असा शब्दप्रयोग होता. संयोजकांच्या परवानगीने तो मी बदलून घेतला. मडके कच्चे राहिले तर आपण भट्टी कमी पडली असे म्हणतो, मातीला बोल लावीत नाही. विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र कच्चेपणाचा सारा दोष त्याच्या बुद्धीकडे जातो आणि भट्टीची चौकशी होत नाही. म्हणून 'अपुऱ्या तयारीनिशी आलेला विद्यार्थी' असे जरा लांबलचक नाव मी पत्करले आहे. त्याची तयारी नेमकी कशात अपुरी पडते आणि ती भरून काढण्यास महाविद्यालयाला काय करता येईल, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

हा विद्यार्थी आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. दहावीपर्यंत त्याने विज्ञान आणि गणित मराठीत वाचलेले असते. गुण चांगले असतात. गावात पेढे वाटले गेलेले असतात. अकरावीच्या शास्त्र शाखेत तो येतो आणि त्याच्या हाती इंग्रजी पुस्तक पडते. मध्ये केवळ उन्हाळ्याची सुट्टी असते, आणि तीही त्याने बहुधा शेतात किंवा कोणाच्या तरी दुकानात राबून काढलेली असते. दिवाळीपर्यंत वर्गातील मागचा बाक हळूहळू रिकामा होत जातो. कोणी कला शाखेकडे वळतो, कोणी गावी परततो. हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असा शेरा पडतो. का गैरहजर, हे लिहिण्यास हजेरीपटावर रकाना नसतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय शिकविला जातो आणि 'सेमी इंग्रजी'चे वर्ग आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत, त्यामुळे हा प्रश्न मागे पडला असावा, असा एक समज आहे. तो मला पटत नाही. सेमी इंग्रजीतून आलेल्या मुलास शास्त्रीय संज्ञा इंग्रजीत पाठ असतात हे खरे. परंतु सलग परिच्छेद वाचून त्यातून अर्थ काढण्याची सवय त्यालाही क्वचितच असते. त्याने प्रश्नोत्तरे वाचलेली असतात, पुस्तक वाचलेले नसते.

येथे एका गोष्टीकडे आपले लक्ष मुद्दाम वेधावयाचे आहे. आपण समजतो की मुलांना पारिभाषिक शब्द अडतात. अनुभव वेगळा आहे. त्वरणाला 'ॲक्सिलरेशन' आणि संवेगाला 'मोमेंटम' म्हणतात, हे मुले पंधरा दिवसांत शिकतात, कारण तो शब्द शिक्षक फळ्यावर लिहितात, त्याखाली रेघ मारतात, दहादा उच्चारतात. अडतात ते साधे शब्द, ज्यांच्याखाली कोणी रेघ मारीत नाही. 'प्रोव्हायडेड' या शब्दाचा अर्थ मुलाला ठाऊक असतो: पुरविलेले. नियमाच्या शेवटी 'प्रोव्हायडेड तापमान स्थिर राहील' अशा अर्थाचे वाक्य आले की तापमान कोणी पुरविले, या विचारात तो पडतो. येथे त्या शब्दाचा अर्थ 'या अटीवर' असा आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि आपण सांगावयास हवे होते, हे आपल्या गावीही नसते. 'बॉडी' म्हणजे शरीर. मग उतारावरून घरंगळणारे शरीर कोणाचे? 'मोमेंट' म्हणजे क्षण. मग जडत्व आघूर्णात क्षणाचा संबंध काय? 'रिस्पेक्टिव्हली'चे नाते तो आदराशी जोडतो, 'सोल्यूशन' गणितात उकल आणि रसायनात द्रावण होते. आणि परीक्षेतील आज्ञा? 'स्टेट', 'डिराइव्ह', 'जस्टिफाय', 'डिस्टिंग्विश' या चार क्रियापदांतील भेद न कळल्यामुळे, येत असलेल्या उत्तराचे गुण मुले गमावतात. नियम केवळ सांगावयाचा असताना पानभर सिद्धता लिहितात आणि सिद्धता हवी असताना नियम लिहून थांबतात. उत्तरपत्रिका तपासणारा लाल शाईने शून्य देतो आणि विषय कच्चा असल्याचा निष्कर्ष काढतो.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका तालुक्यातून आलेली एक विद्यार्थिनी माझ्या वर्गात होती. पहिल्या चाचणीत तिला वीसपैकी तीन गुण मिळाले. तीच प्रश्नपत्रिका मी तिला मराठीत सांगितली आणि उत्तरे तोंडी विचारली, तेव्हा तिने तेरा गुणांची उत्तरे दिली. उरलेल्या सात गुणांचे भौतिकशास्त्र तिला खरोखरच येत नव्हते. ते शिकविणे माझे कामच होते. पण मधल्या दहा गुणांचे काय? ते भौतिकशास्त्राच्या वर्गात कोणी शिकवीत नव्हते आणि इंग्रजीच्या वर्गात कथा-कवितांचे रसग्रहण चालू होते. त्या दहा गुणांना आपल्या वेळापत्रकात घरच नव्हते.

आदिवासी भागातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे अंतर दुहेरी असते. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा माडिया, नंदुरबारकडील भिली वा पावरी बोलणाऱ्या मुलासाठी मराठी हीच मुळी शाळेत शिकलेली भाषा आहे. अकरावीत तो तिसऱ्या भाषेत विज्ञान वाचू लागतो. त्याने वर्गात हात वर केला नाही, तर त्याला शंका नाही असे समजण्याचे कारण नाही. शंका कोणत्या भाषेत विचारावी हाच त्याचा प्रश्न असतो.

शिवाय वेळेचे गणित असते. एका पानावर दहा शब्द अडले आणि प्रत्येक शब्द कोशात पाहून वाक्यात बसविण्यास दोन मिनिटे लागली, तर त्या पानाला वीस मिनिटे केवळ शब्दांसाठीच जातात. वीस पानांच्या प्रकरणाला सहा-सात तास झाले. मग मुलगा पुस्तक मिटतो आणि बाजारातील मार्गदर्शिका उघडतो. आपण त्याला आळशी म्हणतो. माझ्या मते त्याने वेळेचा अचूक हिशेब केलेला असतो.

अशा विद्यार्थ्यांसाठी योजना नाहीत, असे मुळीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने पंचवार्षिक योजनांच्या काळात अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या उपचारात्मक वर्गांसाठी अनुदान दिले. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या मूल्यांकनातही, शिकण्यात मागे असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयाने काय केले, हे विचारले गेले. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय घडले, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही. समितीच्या भेटीपूर्वी नावांची यादी होते, सायंकाळी पाचचा वर्ग लागतो, सूचनाफलकावर 'स्लो लर्नर्स' या मथळ्याखाली वीस मुलांची नावे झळकतात. ज्या मुलीचे नाव त्या फलकावर लागले, ती मैत्रिणींच्या देखत त्या वर्गात कशी जाईल? आणि मान खाली घालून गेलीच, तरी गावाकडची एस.टी. साडेपाचला सुटते. वर्ग फायलीत छान दिसतो. 'उपचार' हा शब्दही मला खटकतो. ही मुले आजारी नाहीत.

महाराष्ट्राला या बाबतीत दूर जाऊन धडे घ्यावयाची गरज नाही, कारण आपल्याच भूमीत याहून शहाणे प्रयोग झालेले आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. पुढे १९४७ मध्ये तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा 'कमवा व शिका' हे तत्त्व उच्च शिक्षणालाही लागू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेला. १९५० मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची सोय जेथे नाममात्र होती, त्या मराठवाड्यात खेड्यांतून आलेली पहिल्या पिढीची मुले तेथे शिकली आणि त्यांतून लेखक, प्राध्यापक, प्रशासक निर्माण झाले.

या सर्व प्रयोगांत एक समान सूत्र मला दिसते. मुलाला वेगळा काढून त्याची डागडुजी करावी, असे यांतील कोणीही मानले नाही. वसतिगृह, ग्रंथालय, वेळापत्रक आणि सोबत यांची अशी मांडणी केली, की अभ्यास हेच तेथील नेहमीचे जीवन व्हावे. संस्थेने आपले घड्याळ विद्यार्थ्याच्या घड्याळाशी जुळविले.

याच अनुभवाला पुष्टी देणारा बाहेरचा एक दाखला सांगतो, कारण तो माझ्या विषयाच्या शेजारचा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत युरी ट्राइसमन या गणिताच्या तरुण अध्यापकाने १९७० च्या दशकात एका प्रश्नाचा पाठपुरावा केला. कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास का होतात? सहकाऱ्यांकडे उत्तरे तयार होती: त्यांना गोडी नाही, पूर्वतयारी नाही, घरचे वातावरण नाही, पैसा नाही. ट्राइसमनने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ती मुले प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात, हे त्यांच्यात वावरून पाहिले. ती चारही उत्तरे टिकली नाहीत. फरक निराळाच निघाला. चिनी मुले आपापला अभ्यास झाल्यावर एकत्र बसत, उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढीत. एखादे उदाहरण कोणालाच सुटले नाही, तर ते खरोखरच कठीण आहे एवढे तरी त्यांना कळे. कृष्णवर्णीय मुले तितक्याच निष्ठेने, पण एकेकटी अभ्यास करीत. न सुटलेले उदाहरण म्हणजे आपलीच उणीव, असे त्यांना वाटे. ट्राइसमनने मग कार्यशाळा सुरू केल्या. त्यांत सोपी उदाहरणे नव्हती, नेहमीपेक्षा अवघड होती. दुबळ्यांसाठीचा वर्ग असे त्यांचे रूप ठेवले नाही, प्रतिष्ठेचा उपक्रम असे ठेवले. मुले गटाने बसत आणि झगडत. त्या मुलांचे निकाल पालटले.

त्याच देशात मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेने १९७३ पासून आणखी एक साधी युक्ती वापरली. अवघड विद्यार्थी शोधण्याऐवजी अवघड विषय शोधावयाचा आणि त्या विषयाच्या सर्वच विद्यार्थ्यांसाठी, आधी तो विषय उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याच्या नेतृत्वाखाली, साप्ताहिक अभ्यासबैठक ठेवावयाची. कोणाचे नाव फलकावर लावावे लागत नाही.

आता आपल्याकडे वळतो. पहिली गोष्ट, भाषेचा हा अडसर विषयाच्या तासातच दूर करावा लागेल आणि तो पहिल्या सहा आठवड्यांत. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आठवड्यातील एक तास व्याख्यान न देता पाठ्यपुस्तकाचे एकच पान वर्गाबरोबर वाचावे. वाक्याचा कर्ता कोण, अट कोणती, 'हेन्स'च्या आधीचे कारण कोणते, हे मराठीत बोलून घ्यावे आणि उत्तर इंग्रजीत लिहवून घ्यावे. अभ्यासक्रम मागे पडेल, अशी भीती आपण व्यक्त कराल. सहा आठवड्यांचे सहाच तास होतात. ज्या वर्गाला पुस्तक वाचता येत नाही, त्याचा अभ्यासक्रम पूर्ण झाला असे आपण वर्षअखेरीस लिहितो, त्याचा अर्थ तरी काय असतो? मुलांनी शब्दवही ठेवावी, पण तीत संज्ञांपेक्षा 'प्रोव्हायडेड', 'अनलेस', 'नेग्लेक्टिंग', 'पर युनिट' असे शब्द वाक्यासकट उतरवावे.

दुसरी गोष्ट ग्रंथालयाची, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. आपल्या हाताशी एक अमोल साधन आहे, ज्याकडे महाविद्यालयांचे लक्षच गेलेले नाही. १९६७ मध्ये स्थापन झालेली बालभारती शालेय पाठ्यपुस्तके मराठी आणि इंग्रजी या दोन्ही माध्यमांत काढते. २०१८ मध्ये आलेले दहावीचे 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' घ्या. धडा तोच, आकृत्या त्याच, उदाहरणे तीच. भाषा मात्र दोन. गुरुत्वाकर्षणाचा जो धडा मुलाने मराठीत समजून घेतला आहे, तोच इंग्रजीत शेजारी ठेवून वाचला, तर आशय त्याला आधीच ठाऊक असतो आणि त्याचे सारे लक्ष भाषेवर राहते. कोश लागत नाही, शिकवणी लागत नाही. ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात आणि छापील प्रतींची किंमतही अल्प असते. आठवी ते दहावीच्या विज्ञान व गणिताच्या दोन्ही माध्यमांतील पुस्तकांचे पाच संच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असावेत, आणि ते उघड्या मांडणीवर असावेत. अकरावीचा मुलगा खिडकीशी जाऊन 'आठवीचे गणित द्या' असे कधीही म्हणणार नाही. मांडणीवर असेल, तर दुपारी कोणी नसताना हात लावील.

भाषा संचालनालयाने १९६० पासून केलेले काम, विविध शास्त्रांचे परिभाषाकोश, हेही याच मांडणीवर हवेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आता संगणकावर व भ्रमणध्वनीवरही वाचता येतो. भौतिकी, रसायन, वनस्पतिशास्त्र यांवरील त्यातील नोंदी पदवीच्या विद्यार्थ्याला आधार देण्याइतक्या भक्कम आहेत. 'स्वयम्' व इतर संस्थांच्या चित्रफितींबद्दल मला आदर आहे, तथापि इंग्रजी व्याख्यान वर्गात कळत नसेल, तर ते पडद्यावर आल्याने कळू लागत नाही. आधी पान, मग चित्रफीत, हा क्रम राहावा.

ग्रंथपेढीबद्दल एक शब्द. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात पाठ्यपुस्तकांची ग्रंथालये आणि घरी अभ्यासाची सोय नसलेल्यांसाठी अभ्यासकेंद्रे यांचा आग्रह धरला होता. पुढे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत ग्रंथपेढी योजना आली, तिच्यात दोन विद्यार्थ्यांमागे पुस्तकांचा एक संच असे. ही काटकसर होती, पण तिच्या पोटी एक गुण नकळत आला होता. एका संचावर दोघांना वाचावयाचे, म्हणजे दोघांना एकत्र बसणे आले.

गटाभ्यासाचा विचार करताना 'कमवा व शिका' योजनेकडे नव्याने पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते. या योजनेतील विद्यार्थी बागेला पाणी घालतो, कार्यालयात नोंदी करतो, ग्रंथालयात पुस्तके लावतो. या कामांना मी कमी लेखीत नाही. पण पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा जो विद्यार्थी स्वतः मराठी माध्यमातून येऊन पहिले वर्ष पार करून गेला आहे, त्याने पहिल्या वर्षाच्या सहा मुलांचा गट आठवड्यातून तीन तास चालविला, तर ते तास योजनेत का धरू नयेत? कुठे ठेच लागते हे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते, कारण त्याची जखम ताजी असते. शिकविताना त्याचाही विषय पक्का होईल. गटाला उदाहरणे मात्र शिक्षकाने काढून द्यावीत, आणि ती सोपी नसावीत.

शासनाने शुल्कमाफी, शिष्यवृत्ती, मागासवर्गीय व आदिवासी विद्यार्थ्यांची वसतिगृहे यांची तरतूद केली आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनाही आणली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी पदवी अभ्यासक्रम चालविण्यास मान्यता दिली, हे पाऊलही स्वागतार्ह आहे. परंतु ज्ञानाची अद्ययावत पुस्तके जोवर बहुतांशी इंग्रजीत आहेत, तोवर मराठीतून समजणे आणि इंग्रजीतून वाचणे या दोन्ही गोष्टी आपल्या मुलाला हव्यात. एकीसाठी दुसरी सोडावी, असा जो वाद आपल्याकडे वर्षानुवर्षे चालतो, त्यात मुलाचा दिवाळीपूर्वीचा काळ मात्र निघून जातो.

शेवटी व्यवहाराची बाब. वेळापत्रके उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी ठरतात, म्हणून पान वाचण्याचा तास आणि गटबैठका त्याच वेळी त्यांत बसवाव्या लागतील. सायंकाळी पाचनंतर काहीही ठेवू नये. प्राचार्यांनी आपल्या गावाच्या आगारातून शेवटच्या गाड्या किती वाजता सुटतात, ते एका कागदावर लिहून ग्रंथपालांना द्यावे. बऱ्याच महाविद्यालयांत अभ्यासिकेची वेळ अकरा ते पाच असते आणि खेड्यांतील मुले आठलाच येऊन आवारातील झाडाखाली बसलेली असतात. अभ्यासिका साडेसातला उघडावी. त्यासाठी एका शिपायाची पाळी बदलावी लागेल, विजेचे देयक थोडे वाढेल. उपस्थित ग्रंथपालांपैकी ज्यांनी हे करून पाहिले आहे, त्यांचे अनुभव आणि अडचणी आता ऐकाव्यात, अशी अध्यक्ष महोदयांना माझी विनंती आहे.